वढ आणि सोड

ओंडका फिरला आणि माझा नवरा त्याच्याखाली गेला. ओरडलासुद्धा नाही. मी पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभी होते. ट्रॅक्टरवर धाकटा दीर होता, त्याचं तोंड रस्त्याकडं. साखळी ताणलेलीच होती. मी हाका मारल्या तेव्हा त्यानं मागं बघितलं आणि ट्रॅक्टर बंद केला. मग नुसता शेजारच्या कंपनीतल्या मशिनांचा धडधडाट ऐकू येत राहिला.

तिथलीच माणसं भिंतीवरून उड्या टाकून आली. पहारी लावून त्यांनी ओंडका उचलला. चाकणच्या चौकात गाडी अडकली, ती नेहमीच अडकते. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निगडीची भाड्याची खोली सोडून महाळुंग्याला आलो त्याला फार दिवस झाले नव्हते. नवरा रिटायर झाला आणि नाल्याकाठची ही जागा घेतली. दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या बाजूला दार नव्हतं, ताडपत्री लावली होती. कुत्री खुशाल आत यायची. एकदा तर भाकरीचं टोपलं घेऊन गेली. जन्मभर घरमालकाच्या दाराला कुलूप लावलं, आता आपलं स्वतःचं दार कर, म्हणून मी नवऱ्याच्या मागं लागले होते. तो म्हणायचा, लोखंडी करू, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे. मला लोखंडी नको होतं. उन्हाळ्यात हात लावला की चटका बसतो.

मग एक वादळ झालं आणि आमच्या जागेतले दोन कडुनिंब आडवे झाले. रस्त्याच्या कडेनं पाइपासाठी चर खणला तेव्हाच त्यांची मुळं तुटली होती. झाडं नुसती उभी होती एवढंच. दुसऱ्या दिवशी जळणवाला हजर. नवऱ्यानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. कडुनिंबाला वाळवी लागत नाही, म्हणाला, तुझं दार यातच आहे. मशीनच्या करवतीनं दोघा भावांनी फांद्या उतरवल्या, खोडांचे ओंडके केले. ते नाल्याच्या उतारावर पडलेले होते. तिथून ओढून रस्त्यावर आणायचे आणि चाकणच्या वखारीत फळ्या पाडून आणायच्या, असं ठरलं. दीर कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, त्यामुळं भाड्याचा ट्रॅक्टर त्यानंच हातात घेतला. नवरा खाली ओंडक्यापाशी.

या दोघांचं काम लहानपणापासून दोन शब्दांवर चालायचं. वढ आणि सोड. गावाकडं विहिरीतला गाळ काढताना, पत्रे चढवताना, हेच दोन शब्द. तिसरा शब्द बोलायचा नाही. पण नवरा कंपनीत लागला तेव्हा तिथली पोरं त्याच्या ‘वढ’ला हसायची. मग तो ‘ओढ’ म्हणायला शिकला. घरात मात्र वढच. कधीमधी तोंडातून ओढ निघून जायचं आणि मग दीर त्याला चिडवायचा, “आले साहेब.”

त्या दिवशी साखळी ओंडक्यावरून सरकली. ती नीट बसवायला नवरा खालच्या अंगाला गेला आणि त्यानं आवाज दिला. दिरानं ट्रॅक्टर पुढं घेतला.

माती झाली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. जाताना एक म्हातारी सांगून गेली की ज्या लाकडानं माणूस खाल्लं ते घरात आणू नये, जाळून टाक. ओंडके तिथंच पडून होते. ताडपत्री तिथंच होती.

दीर येईना. त्याचं घर मागच्याच आळीत. जाऊ येऊन सांगायची की कामावर जात नाहीत, जेवत नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडतात. एकदा म्हणाली, काल दोरी शोधत होते, मी लपवून ठेवली. मी तशीच उठले आणि तिच्याबरोबर गेले.

सगळ्यांनी त्याची समजूत काढली होती. दादा कंपनीत राहून शुद्ध बोलायचे, ते ओढच म्हणाले असतील, तुझं काही चुकलं नाही. तोही तेच धरून बसला होता. पण धरलेलं त्याला पटत नव्हतं. मला बघून उठून बसला. दाढी वाढली होती.

“वहिनी, तुम्ही बांधावर होता. दादा काय म्हणाला?”

जावेनं मागून माझं लुगडं ओढलं. ओढ म्हणाले असं सांगा, असं तिच्या मनात होतं. मलाही ते सोपं होतं. पण मी खोटं बोलले असते तर त्याला माझ्या तोंडावरून कळलं असतं, आणि मग त्याच्यापाशी खरं बोलणारं कोणी राहिलं नसतं.

“सोड म्हणाले,” मी सांगितलं. “मी ऐकलं.”

“मला ओढ ऐकू आलं.”

“आलं असेल. मशिनांच्या त्या आवाजात सोडसुद्धा ओढसारखंच येतं. तुम्ही चुकलात, भावजी. मुद्दाम केलं नाहीत. दोन्ही खरं आहे.”

तो रडला. माती झाली तेव्हा रडला नव्हता. जाऊ माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच त्याच्या गळ्यात दोरी घातली. त्याचं रडणं संपेपर्यंत मी बसून राहिले. मग म्हटलं, “उठा आता. ओंडके उन्हात तडकायला लागलेत.”

तो लगेच उठला असं नाही. पण त्या आठवड्यात ट्रॅक्टर घेऊन आला. बरोबर दोन माणसं आणली होती. वखारीत फळ्या पाडल्या. आतलं लाकूड तांबूस निघालं, वास कडू. ओल्या फळ्यांचं दार केलं तर वाकतं, म्हणून घरामागं सावलीत त्यांची थप्पी रचली. मधे पट्ट्या घालून, वारा लागेल अशी. अख्खा पावसाळा आणि हिवाळा त्या तिथं वाळल्या. तोवर मी ताडपत्रीच्या आत झोपले. म्हातारीचं मी ऐकलं नाही. झाडानं काही केलं नव्हतं.

दार सुतारानं बरं केलं. फक्त पावसाळ्यात फुगतं आणि चौकटीत घट्ट बसतं. बाहेरून ओढावं लागतं. कोणी आलं की मी आतून सांगते, ओढा जरा जोरात. दीर आला की सांगत नाही. तो कडी वाजवतो आणि उभा राहतो. मी आतून खांदा लावून ढकलते. आता माझ्यात तेवढा जोर नाही, वेळ लागतो. तो थांबतो. वढ म्हणत नाही, सोड म्हणत नाही. त्याच्या पोरांनीसुद्धा ते शब्द टाकलेत, ती ‘खेच’ म्हणतात.

जेवायला तो बसतो तेव्हा दाराकडं पाठ करून बसतो. मी भाकरी वाढते. जेवतो.

त्या दिवशी नाल्यापाशी आम्ही तिघं होतो. त्यातले दीर आणि मी जगलो.