रविवारी कुणाला झटका येत नाही

आमच्या टोंगाच्या सरकारी इस्पितळात, नोंदींच्या खोलीत, लोसेली बावीस वर्षं बसली. पक्षाघाताने देशभरातून कोण आलं, कुठल्या बेटावरून, कुठल्या वारी, जगलं की गेलं, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. बाई तोंडाने फटकळ. वर्षअखेरीचा तक्ता डॉक्टरांपुढे टाकून म्हणायची, "बघा, रविवारी आपल्याकडे कुणाला झटका येत नाही. भाविक रोग आहे. सोमवारी मात्र रांग लावतो."

रविवारी दुकानं बंद, बस बंद, होड्या बंद. माणूस सकाळी वाकडा झाला तरी घरचे त्याला तेल चोळत आणि प्रार्थना करत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत. लोसेली यावर चिडायची, आणि चिडण्यासारखंच होतं ते. दूरच्या बेटांवरचे कित्येक तर तिच्या तक्त्यात येतच नसत. घरूनच परस्पर मातीत जात.

त्या रविवारी तिचा नवरा सेमीसी चर्चमध्ये गाणाऱ्यांपुढे हात हलवत उभा होता. उजवा हात मध्येच खाली पडला, तोंडाची एक बाजू ओघळली. लोकांनी त्याला धरून बाकावर बसवलं.

"गाडी काढा कुणीतरी," लोसेली उठत म्हणाली.

शेजारी सेमीसीची थोरली बहीण आकानेसी होती. भावाच्या घरात आमच्याकडे थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा. बायको कितीही शिकलेली असो, तिने मान खाली घालायची.

"बस गं खाली. पाद्रीबुवा बोलायला उभे राहिलेत."

"वन्सं, यांचं तोंड बघा. झटका आहे हा. आत्ता नेलं तर..."

"तुझं कागदी शहाणपण कचेरीत ठेव. माझा भाऊ आहे तो. परवा आईच्या थडग्यावरून शीळ घालत गेला, मी बजावलं होतं. म्हातारीनंच थोबाडीत दिलीय, म्हणून तोंड वाकडं. घरी नेऊन चोळू."

लोसेली बसली. शेजाऱ्याची गाडी दारातच उभी होती. प्रवचन तासभर चाललं. मग घरी तेल झालं, पाला झाला, पाहुण्यांची जेवणं झाली. सेमीसी डाव्या हाताने तिची बाही ओढत होता, घशातून नुसता आवाज काढत होता. तिने तीनदा इस्पितळाचं नाव काढलं आणि तीनदा वन्संनी डोळे वटारले. सोमवारी सकाळी नेलं. दुपारी तो गेला.

मयताला सगळा गाव आला. मृताच्या उशाशी, मानाच्या जागी आकानेसी बसली होती. लोसेली, मयतात खालच्या मानाचे गुंडाळतात तशी फाटकी चटई कंबरेला गुंडाळून, पायाशी.

"भाग्यवान हो माझा भाऊ," आकानेसी येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती. "प्रभूच्या वारी, प्रभूचं गाणं गाताना त्यानं हाक मारली."

लोसेली उठून उभी राहिली.

"देवानं नाही मारली हाक. हे मारत होते, मला, अख्खा दिवस. अख्ख्या गावात मला एकटीला ठाऊक होतं काय करायचं ते, आणि वन्सं रागावतील म्हणून मी यांना मरू दिलं."