तीन हॉर्सपॉवरची थंड हवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हे सांगताना मला स्वतःला अजून हसू येत नाही.

मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. कोल्हापुरात मामांचा ऑइल इंजिनं जोडायचा छोटा कारखाना. रंग फवाऱ्यानं मारायचा म्हणून त्यांनी कॉम्प्रेसर घेतला. दुकानदार म्हणाला, पाच हॉर्सपॉवरची मोटर लावा.

मी भडकलोच! देशात विजेची टंचाई आणि ही उधळपट्टी? हवा दाबायला अशी किती शक्ती लागते? मी गणित मांडलं. तीन पुरे!

"नक्की न्हवं?" मामा म्हणाले. "दसऱ्याला शिरोळचे आप्पा इंजिन न्यायला येणार हाईत. पहिलंच मोठं गिऱ्हाईक. त्येंच्या मागनं अख्खं गाव येतंय बघ."

"मामा, गणित खोटं बोलत नाही!"

खरंच बोलत नव्हतं. फक्त दाबताना हवा थंडच राहते, असं मी धरलं होतं. आता तिला कोणी सांगितलं होतं थंड राहायला? दाबली की ती तापते, तापली की जास्तच जोरानं उलटून ढकलते. सायकलीत हवा भरणाऱ्या कुणालाही विचारा, पंप कसा चटका देतो!

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी कॉम्प्रेसर सुरू केला. निम्मं इंजिन हिरवंगार झालं. टाकीत दाब चढला, तशी मोटर कण्हायला लागली.

"बाळू, धूर येतोय की रं!"

"व्होल्टेज कमी असेल, मामा. वीज मंडळाला पत्रच लिहायला हवं."

पत्राला कागद शोधेपर्यंत मोटर जळाली.

सकाळी ती उचलून वाइंडिंगवाल्याकडे पळालो. त्याची सगळी हत्यारं पाटावर, झेंडूत बुडालेली.

"आज खंडेनवमी, पावणं. हत्यार उचलत न्हाय."

मी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

तसाच परत आलो. ब्रशनं मारू की! तर मामांनी ब्रशसुद्धा पूजेत मांडलेले, हळदकुंकू लावून.

"ह्येबी हत्यारच हाय. आज हात लावायचा न्हाय."

दसऱ्याला उजाडताच आप्पा ट्रॉली घेऊन दारात. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. एका अंगानं पोपट, दुसऱ्या अंगानं भंगार!

"ह्ये काय वो? निम्म्या इंजिनाची पूजा करू व्हय?"

मुहूर्त टळायला नको म्हणून त्यांनी शेजारच्या कारखान्यातलं इंजिन ट्रॉलीत घातलं आणि गेले.

मामा रागावले नाहीत. तेच वाईट! पायरीवर टेकले. मग माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

"बाळू, तू मुंबईत एखाद्या लई मोठ्या कारखान्यात नोकरी बघ. तसले कारखाने एका माणसानं बुडत न्हाईत."