बिजवाईच्या ढोलीतलं औषध

फोन आला तेव्हा सावली गावातल्या माझ्या औषधाच्या दुकानात बाजाराची गर्दी होती. एक गृहस्थ काउंटरवर हात आपटून ‘ताकदीची, लाल-काळी कॅप्सूल’ मागत होते. त्यांना नुसती सर्दी झाली होती. सर्दीला ती कॅप्सूल लागत नाही असं मी समजावत होतो आणि ते मलाच वेड्यात काढत होते. फोनवर माझी धाकटी बहीण कुसुम होती. तिचा आवाज अगदी सपाट होता. ‘‘दादा, हे उठून नाई राह्यले.’’ मी म्हटलं, झोपू दे, दमले असतील. खरंच, माझ्या तोंडून असंच निघालं... मग ती रडायला लागली आणि मला कळलं. मनोहरराव झोपेतच गेले होते. हृदयानं दगा दिला.

मनोहरराव माझ्या बहिणीचे यजमान. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावाच्या तोंडाशी ते छोटा दवाखाना चालवत. सासुरवाडीला आल्यावर जावयानं पाहुणचार घ्यावा, तर हे माझ्या दुकानात स्टुलावर बसून माझ्याच गिऱ्हाइकांची उलटतपासणी घेत. ताप कधीपासून, कफ कसा आहे, जखमेत पू आहे का... कितीतरी जणांना त्यांनी मिठाच्या गुळण्या सांगून माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या हातानं परत पाठवलं. जावई म्हणावं की दरोडेखोर, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो. ते नुसते हसत. त्यांचं म्हणणं साधं होतं. जंतू मारणारं औषध प्रत्येक तापावर चालत नाही. दुखणं जंतूंचं आहे का ते आधी पाहायचं, मग जंतू छातीत बसलेत की जखमेत ते पाहायचं. तिथं सहसा जे जंतू सापडतात त्यांना पुरेल असं साध्यात साधं औषध निवडायचं आणि ते पुरतं द्यायचं. भारी इंजेक्शनं त्यांच्या कपाटात कुलपात असत. साधं औषध हरलं तर आपल्यापाशी उरतं काय, असं ते विचारत. मी चिडवायचो, जवाईबुवा, तुमचं औषध बायकांच्या दागिन्यासारखं, लग्नकार्य असल्याशिवाय बाहेर निघत नाही. पण आज सांगतो, मला त्या माणसाचा अभिमान होता आणि तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्यांच्या दवाखान्यात सोमी नावाची एक कोवळ्या वयाची माडिया आदिवासी बाई आली. बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता आणि अंग तापानं जळत होतं. मनोहररावांनी तिला ठेवून घेतलं, इंजेक्शनं दिली. ताप उतरला. पुढच्या कॅप्सूल बांधून देताना सगळ्या संपवायच्या, हे त्यांनी तिच्या भाषेत पुन्हा पुन्हा सांगितलं. सोमी हसून मान डोलावत गेली. ती परत आली ती खाटेवर. या खेपेला पहिलं औषध दाद देईना. त्यांनी पू तपासायला चंद्रपूरला पाठवला, पण अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं शक्य नव्हतं. त्यांनी कुलूप काढलं आणि अंदाजानं दुसरं औषध निवडलं. सोमी वाचली नाही. अहवाल नंतर आला. निवड बरोबर होती, फक्त वेळ निघून गेली होती. कुसुम सांगते, तो कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि त्याच कुलपाच्या कपाटात ठेवला.

मी त्या सुमारास बहिणीला भेटायला गेलो होतो. मनोहरराव मला घेऊन सोमीच्या गावी निघाले. वाटेत त्यांचा राग मावत नव्हता, कारण औषधाचं काय झालं ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्या गावात शिकार झाली की मांसाचे सारखे वाटे पानांवर मांडतात. जो गेला नाही त्यालाही वाटा, विधवेलाही वाटा. सोमीला बरं वाटू लागताच तिनं कॅप्सूलही तशाच वाटल्या होत्या. एक शेजारच्या खोकणाऱ्या पोराला, एक कान फुटलेल्या दिराला. कोणी तर कॅप्सूल उघडून आतली भुकटी कुऱ्हाडीच्या जखमेत भरली होती. सोमीची सासू जुरीबाई बाळाला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. मनोहररावांनी तिला विचारलं, एवढं सांगूनही काऊन वाटलं? बाजारात जाऊन येऊन तिला थोडी मराठी येत होती. ती रागावली नाही, तिला फक्त नवल वाटलं.

‘‘बाजूच्या घरी पोरगं तापानं पडलं हाय,’’ ती म्हणाली, ‘‘अन् आपन एकल्यानंच कसं खावं, डॉक्टरभाऊ?’’

रागानं भरून आलेला तो माणूस तिच्यासमोर अंगणातच बसला. वाटल्यामुळेच सोमी गेली, असं छातीठोक सांगता येत नव्हतं. ते मला नंतर म्हणाले की, दादा, त्यांच्या चांगुलपणाला मी रोग कसा म्हणू? मग त्यांनी जुरीबाईला विचारलं की, तुमच्या गावात न वाटायची अशी एकही वस्तू नाही का? तिनं विचार केला आणि घराच्या कोपऱ्यातल्या शेणानं सारवलेल्या बांबूच्या ढोलीकडे बोट दाखवलं. तीत बिजवाई होती, पुढच्या पेरणीचं धान. घरात उपास पडला तरी त्याला हात लावायचा नाही आणि ते कोणाला द्यायचंही नाही.

‘‘मंग औषध बी बिजवाईच समजा,’’ मनोहरराव म्हणाले. ‘‘धानाची अर्धी बांधी पेरून उरलेलं वाटून टाकाल, तर पिकंल का? ज्याले ताप हाय, त्याले माह्याकडं धाडा. त्याचं त्याले मी देईन.’’

आपण काय कबूल करून बसलो, हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं की नाही कोण जाणे. पण हळूहळू आसपासच्या गावांत औषध ढोलीत जाऊ लागलं आणि शेजाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची त्या लोकांना सवय झाली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून मनोहरराव मात्र तिथं बांधले गेले. आमच्या मुलीच्या लग्नाला आले ते अक्षता पडताच परत निघाले. छातीत दुखतं म्हणून कुसुम मागे लागली होती, नागपूरला चला, दाखवून येऊ. ते म्हणत, मी गेलो आणि कोणी आलं तर? मीही फोनवर खूप भांडलो. हट्टी माणूस. त्या हट्टाचा मला अजून राग येतो आणि रागाच्या मागोमाग रडू येतं.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी कुसुम मला म्हणाली, जुरीबाईकडे जाऊन येऊ. सोमीचं ते बाळ आता चांगलं शाळेत जाणारं पोर झालं होतं. त्याला न्यूमोनिया झाला होता आणि मनोहररावांनी शेवटचं औषध त्यालाच दिलं होतं. साधंच औषध, त्यांच्या रीतीप्रमाणे. तो ते घेतोय की नाही, हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. आम्ही पोचलो तेव्हा पोरगं उन्हात बसून भात खात होतं. ताप नव्हता. जुरीबाईनं ढोलीत कोपरापर्यंत हात घातला आणि धानातून कॅप्सूलची स्ट्रिप काढून कुसुमला दाखवली. जितक्या उरायला हव्या होत्या तितक्याच उरल्या होत्या. कुसुमनं ती स्ट्रिप गालाला लावली आणि मग परत दिली.

जुरीबाई सांगू लागली. सकाळी शेजारीण आली होती, तिची लेक तापली आहे म्हणून दोन कॅप्सूल मागत होती. ‘‘मी नाई म्हटलं,’’ ती म्हणाली, ‘‘डॉक्टरभाऊकडं जाय म्हटलं...’’ आणि थांबली. शेजारीण लेकीला घेऊन यायला वळलीही होती. मग दोघींनाही आठवलं होतं.

कुसुम तडक उठून शेजारी गेली. पोरीला आम्ही आलो त्या जीपमध्ये घालून गडचिरोलीला न्यायचं तिनं ठरवलं, आणि आम्ही नेलंही. पण ती उठून गेली तेव्हा मी आणि जुरीबाई दोघंच आत उरलो होतो.

‘‘बिजवाई मी राखीन, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘पन आता लोकायले धाडू कोनाकडं?’’

तिनं स्ट्रिप पुन्हा धानात खोल खुपसली. तिचा हात मात्र बराच वेळ आतच होता.