एकाच छताचे दोन पंप

“बाजूवाल्यानं जो सांगितला, त्याच्याहून मोठा पंप द्या मले. बाकी मले काई समजत नाई.”

फोनवर मूल गावचे दिवाकरभाऊ होते. मी चंद्रपूरला पंपांच्या दुकानात टेक्निकल सेल्स पाहतो. म्हणजे गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकायचं आणि त्याला खरं काय लागतं ते सांगायचं. ‘बाजूवाला’ म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, वासुदेवभाऊ. हे मला माहीत होतं, कारण त्यांचा फोन त्याच सकाळी येऊन गेला होता.

बापाच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत उभी राहिली. भिंत वरच्या कवेलूंपर्यंत, म्हणजे कौलांपर्यंत गेली आणि थांबली. छत एकच राहिलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. जवळच्या राइस मिलची काळी राख उडून त्या छतावर बसायची, वर शेवाळ धरायचं. मूळचं लाल छत आता तव्यासारखं दिसत होतं. आणि वासुदेवभाऊंच्या मुलीला, प्रांजलीला, पाहायला सिंदेवाहीचे पाहुणे येणार होते.

वासुदेवभाऊंना मी छत धुवायला शंभर बारचा प्रेशर वॉशर, जोराची धार मारणारा पंप, सुचवला होता. बार म्हणजे पाण्याचा जोर मोजायचं माप. तसं सांगितल्यावर दिवाकरभाऊंनी तेवढाच आकडा पकडला.

“मले दीडशेचा पाह्यजे.”

“भाऊ, कवेलूला शंभरसुद्धा कमी करून वापरावे लागतात. दीडशेनं मातीचे पापुद्रे निघतील.”

“निघू द्या. माह्या अर्ध्याचे निघतीन.”

संध्याकाळी वासुदेवभाऊंचा फोन. “तो दीडशेचा घेऊन राह्यला म्हणे. मले दोनशेचा दाखवा.”

मी शेठकडे गेलो. सगळं ऐकून शेठ म्हणाले, “दोघांना डेमो दे. दोन मशीन ने. भांडणाऱ्या भावांसारखं गिऱ्हाईक नाही.”

मी दोन्ही मशीन गाडीत टाकून मूलला पोचलो. पंप निवडताना जोर दुसऱ्या नंबरला येतो. आधी पाहायचं, पाणी कुठून येतं आणि मिनिटाला किती येतं. इथं बोअर एक, टाकी एक आणि टाकीचा नळ अर्ध्या इंचाचा. टाकी अंगणात बरोबर मधोमध होती. वाटणीत ती कोणीच सोडली नव्हती.

“या नळावर एका वेळी एकच मशीन चालेल,” मी अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगितलं. मोठ्यानं, कारण एक भाऊ या दारात होता आणि दुसरा त्या.

“मंग माही चालू करा,” वासुदेवभाऊ म्हणाले.

“त्याईले सांगा, बोअर माहा बी आहे,” दिवाकरभाऊ मला म्हणाले.

मी नोझल, म्हणजे धारेचं तोंड, कोणतं लावायचं ते पाहत होतो, तेवढ्यात दोघांनी आपापली शिडी लावली. धार मारायच्या दोन्ही गन माझ्या हातातून गेल्या. दोन्ही स्विच चालू झाले. क्षणभर दोन धारा कवेलूंवर आपटल्या आणि दोन लाल पट्टे उमटले. मग पाणी पुरेना. दोन्ही मशीन खोकायला लागल्या. पाइप चपटे झाले. पंपाला पाणी मिळालं नाही की तो हवा ओढतो, तापतो आणि आतून खराब होतो.

“बंद करा! एकानं तरी बंद करा!”

“त्याले सांगा!” दोन्ही शिड्यांवरून एकच उत्तर आलं.

तेवढ्यात वासुदेवभाऊंची बायको, कुसुमबाई, घरातून छत्री उघडून बाहेर आली.

“अवो, घरात पाणी पडून राह्यलं! गाद्या भिजल्या पाहुण्यायच्या!”

खालून वर धार मारली की पाणी कवेलूखाली शिरतं. म्हणून नेहमी वरून खाली धुवायचं. हे मी सांगायच्या बेतात होतो. पण धार वासुदेवभाऊंच्या गनची नव्हती. त्यांनी मान वळवली. गन धाकट्याची होती, तिरकी धरलेली, थेट थोरल्याच्या अर्ध्यावर.

वासुदेवभाऊ शिडीवरूनच ओरडले, “दिवाकर! माह्या छतावर काऊन मारून राह्यला बे?”

वाटणीनंतर भावाशी ते थेट बोलले ते हेच पहिलं. कुसुमबाईनं छत्री मिटली.

दिवाकरभाऊंनी गन खाली केली. मग म्हणाले, “तुह्याकडंच जास्त काळं आहे, दादा. पोरीले पाहायले येऊन राह्यले लोकं. तुह्यानं उद्यापर्यंत होणार आहे का?”

“म्हणून दीडशेचा मागून राह्यला होता?”

“मंग काय! तू शंभरात भागवत होता.”

वासुदेवभाऊंनी शिडीवरून उतरून आपल्या मशीनचा स्विच बंद केला. दुसऱ्या मशीनला पाणी मिळालं, तिचा आवाज सुधारला. मी धावत जाऊन जोर कमी केला आणि पसरट धारेचं नोझल लावलं. दिवाकरभाऊ शिडीवरून पार आढ्यापर्यंत चढले आणि वरून खाली धुवायला लागले. शिडी धरायला माणूस लागतो. ती वासुदेवभाऊंनी धरली.

“डावीकडं राह्यलं.”

“दिसते मले.”

“दिसते तं मार ना.”

“तू शिडी नीट धर, पाडतो का मले?”

दुपारपर्यंत हेच चाललं. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं, पण सगळं कवेलूंवरच. मधे कुसुमबाईनं चहा दिला. गाद्या ओट्यावर वाळत पडल्या होत्या. दिवाकरभाऊंनी ओल्या कपड्यांनी एका गादीवर बसून चहा प्यायला आणि ती पुन्हा ओली केली, त्यावरून थोडी बोलणी खाल्ली. संध्याकाळी छत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झालं. भिंत कुठं आहे ते रस्त्यावरून कळत नव्हतं.

मी कोटेशन काढलं. “मग भाऊ, कोणता फायनल करायचा?”

दोघांनी वर छताकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

“आता कायले पाह्यजे?” वासुदेवभाऊ म्हणाले. “धुतलं ना.”

“आणि तुमची मशीन बी बरोबर नाई,” दिवाकरभाऊ म्हणाले. “खोकते.”

“हो, खोकते,” थोरले म्हणाले.

पाहुणे आले, गेले, सोयरीक जमली. नंतर कुसुमबाईनं फोनवर सांगितलं की आलेल्यांपैकी एकानंही मान वर करून छताकडे पाहिलं नाही. लग्नाला मला बोलावलं होतं. शेठनं सुट्टी दिली नाही. दोन्ही मशीनचे सील बदलावे लागले होते, त्याचा राग होता.

आता डेमोला गेलो की आधी नळ पाहतो. आणि अर्धं छत धुऊन झालं की मशीन बंद करतो.