डंखाचं औषध

मधपाळाकडे मध घ्यायला कुणीही गेलं की बाटलीबरोबर एक ठरलेलं वाक्य फुकट मिळायचं: "मधमाश्या पाळणाऱ्याचे सांधे कधी धरत नाहीत. डंख हेच औषध." पस्तीस वर्षं हे ऐकवून ऐकवून त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. त्यामुळे बोटं आखडू लागली तेव्हा दुखण्यापेक्षा त्याला लाजच जास्त वाटली.

सकाळी शर्टाची बटणं लागेनात. पेटीतल्या चौकटी माश्यांनी चिकटवून घट्ट बसवलेल्या असतात. त्या उचकटताना अंगठ्यातून निघालेली कळ थेट कोपरात जायची. बायकोला मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मोठा हुशार!

गुपचूप दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली.

"भरलेली पेटी किती वजनाची?"

"वीस-पंचवीस किलो."

"दिवसाला किती उचलता?"

"ते कोण मोजतंय?"

"तुमच्या सांध्यांनी मोजलंय. आता एकट्याने उचलायचं नाही. जोडीला कुणीतरी घ्या."

जोडीला घेणं म्हणजे आपण संपलो, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. म्हणून त्याने आपलंच औषध सुरू केलं. मागच्या खोलीचं दार लावायचं आणि चिमट्यात धरलेली माशी बोटाच्या पेरावर टेकवायची. डंख मारला की माशी मरते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? झाकण लावताना एखादी चिरडू नये म्हणून फुंकर घालत बसणारा माणूस हा. मेलेल्या माश्या त्याला टाकवेनात. त्या तो काडेपेटीत ठेवायचा. बोटं आणखीच टम्म सुजली.

काडेपेटी बायकोच्या हाती लागली. तिने ती टेबलावर ठेवली आणि त्याच्या हातांकडे पाहिलं.

"किती झाल्या?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीस जीव घालवलेत, पण मला एका शब्दाने सांगवलं नाही तुम्हाला?"

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी तो पेट्यांपाशी गेला, तर ती आधीच जाळीची टोपी घालून कुंपणाजवळ हाताची घडी घालून उभी. पुढे मात्र येईना. त्याने पेटीखाली हात घातले, काढले, पुन्हा घातले.

"एकट्याने नाही जमत गं मला," तो शेवटी म्हणाला.

ती तरातरा आली, त्याच्या समोर वाकली.

"कुठे धरू, ते सांगा."