न हलवायची माती

कृषी खात्यातल्या त्या सहायकाला अख्खं गाव गांडूळसाहेब म्हणायचं. तोंडावर कौतुकानं, पाठीमागे जरा वेगळ्या अर्थानं. त्याला मात्र दोन्ही कौतुकच वाटायचं. "नांगर फिरवू नका, माती हलवू नका, पालापाचोळा पसरा आणि गप्प बसा. बाकीचं गांडुळं बघतील," हे एकच भाषण तो वर्षानुवर्षं घसा कोरडा पडेपर्यंत देत आला होता. गाव ऐकायचं, चहा प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी नांगराला लागायचं.

अखेर एक काकू बधल्या. बधल्या म्हणजे काय, रस्त्याकडेचा एक तुकडा त्याला प्रात्यक्षिकासाठी दिला आणि अट घातली. "यात गांडुळं आली आणि वर्षभर टिकली, तर सगळं शेत तुमच्या पद्धतीनं करीन. नाही टिकली, तर माझ्या बांधावर परत भाषण करायचं नाही." साऱ्या नोकरीत ऐकणारं एवढं एकच माणूस भेटलेलं. तो त्या तुकड्याला जिवापाड जपू लागला. आत पाऊल टाकायचं तर चपला बांधावर काढून ठेवायचा.

गांडुळं आलीही, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आनंदाच्या भरात त्यानं ऑफिसात कळवलं आणि साहेबलोकांची रीघ लागली. प्रत्येकाला न हलवलेली माती बघायची होती, आणि त्यासाठी ती खणून हवी होती. "जरा गांडुळं दाखवा की," म्हटलं की हा कुदळ उचलायचा. फोटो निघायचे. फोटोत वर 'माती हलवू नका' असा फलक, खाली खड्डा.

"एकाला तरी नाही म्हणा," बायको वैतागली. "माणसाला कणा म्हणून काही असतो."

"साहेब आहेत गं ते. वाईट दिसतं."

मग खुद्द संचालक येणार असं ठरलं. या वेळी त्यानं मनाचा हिय्या केला. आरशासमोर उभं राहून घोकलं, "साहेब, माफ करा, इथे खणता येणार नाही." छान जमत होतं. आरसा ऐकूनही घेत होता.

संचालक आले. काकू आणि गावातली चार माणसं बांधावर येऊन उभी राहिली.

"काय, कुठायत तुमची गांडुळं?"

"साहेब, माफ करा..." एवढं तो बोलला. संचालकांची भुवई वर गेली. उरलेलं वाक्य "लगेच खणतो" असं बाहेर पडलं.

त्यानं इकडे खणलं, तिकडे खणलं. तुकड्याची चाळण झाली. नुसती कोरडी ढेकळं निघाली. घामानं सदरा पाठीला चिकटला.

"एकही नाही?" संचालकांनी विचारलं.

काकू बांधावरूनच म्हणाल्या, "एक आहे की. कुदळ धरून उभं आहे."