हिप्परग्याच्या तळ्यावरची चानकी

या सदरातल्या भुताखेतांच्या हकिगती मी आजवर दुकानात मोठ्याने वाचून दाखवत आलो, तेही हसण्यासाठी. सोलापुरात नव्या पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळ बंद पडलं तर त्याला कारण असतं. डोळ्याला भिंग लावायचं, मागचं झाकण उघडायचं, कारण सापडतंच. कुणी मुंजा पाहिल्याचं सांगू लागला की मी विचारायचो, "तेव्हा वाजले किती होते? आणि तुमचं घड्याळ बरोबर होतं कशावरून?" असला मी माणूस. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही... फक्त पुरतं वाचून मग हसा.

आमची यमू दिवाळीच्या तोंडावर गेली. विषमज्वर झाला होता. सात वर्षांची पोर, एकुलती एक.

आमच्याकडे ज्वारीच्या भाकऱ्या थापून झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक इवलीशी भाकरी करतात, घरातल्या पोरांसाठी. तिला चानकी म्हणतात. यमूला ती स्वतःच थापायची असे. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, आणि मधोमध अंगठा दाबून केलेला खळगा — "तेल घालायला," म्हणे! शिवाय आईची पाठ वळली की चिमूटभर मीठ टाकायची. भाकरीच्या पिठात कुणी मीठ घालत नाही, पण यमूला कोण सांगणार? आणि ती चानकी मीच खायची असा हुकूम होता. "काय गं, मिठागर उघडलंस का?" असं मी रोज म्हणायचो आणि ती रोज तितकीच खिदळायची.

ती गेली आणि हिने, म्हणजे माझ्या बायकोने, अन्न टाकलं. रडणं नाही, ओरडणं नाही. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायची आणि उठायची. भाकरी थापायला तर ती पुन्हा बसलीच नाही. संक्रांतीपर्यंत हिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "माझ्याजवळ याला औषध नाही. हवापालट करून बघा. हे असंच चाललं तर..." पुढचं मला ते न बोलताही कळलं, आणि मी फार घाबरलो.

तुळजापूरच्या वाटेवर हिप्परग्याचा तलाव आहे. त्याच्या काठाला, वस्तीपासून दूर, एक बैठा बंगला होता. कालव्याच्या कामावरच्या एका कंत्राटदाराने बांधलेला. तो वारल्यावर त्याची बायको, सगळे तिला अक्का म्हणत, दोन खोल्या पाहुण्यांना देई. राहायला खोली आणि सकाळची न्याहारी; दुपार-रात्रीचं ज्याचं त्याने बघावं. हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला मिलमधले साहेबलोक येत, एरवी चिटपाखरू नसे. दुकानाला कुलूप लावून मी हिला तिथे घेऊन गेलो.

अक्का लिंगायत. घरात कानडी बोलायच्या, आमच्याशी मराठी. हिला पहिल्याच दिवशी त्यांनी 'तंगी' करून टाकलं, म्हणजे धाकटी बहीण. बाई मायाळू, पण स्वयंपाकघराच्या बाबतीत कडक. "आत कुणी यायचं न्हाय हां. काय पायजेल ते भाईरून मागायचं," हे त्यांनी सामान उतरवायच्या आधीच सांगितलं. सकाळी अंघोळ करून त्या भाकऱ्या थापत, दुरडीत घालून झाकून ठेवत, आणि मग आतल्या खोलीत लिंगपूजेला बसत. पूजा झाली की दुरडी मागच्या व्हरांड्यात येई. भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही.

मी सकाळी तलावाच्या बांधावर फिरायला जात असे. खरं सांगतो, हिच्यासमोर बसवत नव्हतं म्हणून. पहिल्या दिवशी परत आलो तर ही व्हरांड्यात बसून खात होती! हातात चानकीचा शेवटचा तुकडा होता, तोही तिने दह्यात बुडवून तोंडात टाकला. मी समजलो, अक्कांनी लेकरू गेलेल्या बाईसाठी मुद्दाम केली असणार. काही बोललो नाही. बोललो आणि ही पुन्हा मिटली तर?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चानकीबरोबर अर्धी भाकरी. मग ही काठावर माझ्याबरोबर चालू लागली, पाण्यावरच्या बदकांकडे बोट दाखवू लागली. एकदा तर माझ्या वाढलेल्या दाढीवरून मला बोललीसुद्धा. बायकोने टाकून बोलल्यावर इतका आनंद झालेला नवरा दुसरा नसेल.

निघायच्या दिवशी मी फिरायला गेलो नाही. सकाळी टांगा येणार होता. आम्ही दोघं व्हरांड्यात बसून बोचकी बांधत होतो, आत अक्कांची पूजा चालली होती. ही माझ्या शेजारून हललीही नाही. पूजा आटोपून अक्कांनी दुरडी आणली, आम्हाला वाढलं आणि उरलेल्या भाकऱ्या वाटेसाठी फडक्यात बांधून हिच्या हातात दिल्या. ही टांग्यात जाऊन बसली तेव्हा मी अक्कांना हात जोडले.

"अक्का, तुमचे उपकार कसे विसरू? तुमच्या चानकीनं हिला उठवलं."

"माझी चानकी?" अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी कुटं केली वो?"

"रोज सकाळी..."

"माझ्या घरात लेकरू न्हाय, मी कुणासाठी करू? भाकऱ्या झाकून मी पूजेला बसते. उठून येते तर दुरडीत वर चानकी, आन् परातीचं पीठ खरवडून घेतल्यालं. पयल्या दिवशी लई राग आला बघा... माझ्या चुलीपाशी कुणी आलेलं मला चालत न्हाय. मग म्हनलं, जाऊ दे. तंगीचं लेकरू गेलंय. चोरून येऊन लेकराची चानकी करती, तर करू दे की. म्या तिला कळू बी दिलं न्हाय." टांग्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आजची बी बांधून दिलीया तिला."

"पण अक्का, आज ही सगळा वेळ माझ्याजवळ बसली होती."

अक्कांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "लिंग हातात धरून सांगते, म्या केली न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भीती मात्र मला दिसली नाही.

टांगा सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, घाबरेल.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ही म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही झाकण उघडून बघत बसला असतात." रागावून नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाली. "मग ती आली नसती."

तिने मांडीवरचं फडकं सोडलं. वरच चानकी होती. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, मधोमध खळगा. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला... टोकही बसेना. हिने ती मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "घ्या. तिचा हुकूम तुम्हालाच होता. इतके दिवस मीच खाल्ली."

मी घास तोंडात टाकला. खारट होती.

"काय गं, मिठागर उघडलंस का?" माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं. टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं. ही आधी हसली, आणि मग दिवाळीनंतर पहिल्यांदा रडली. घर येईपर्यंत रडत होती. मीही रडलो, लपवत नाही.

कारण शोधायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. एरवीच्या दिवशी हिनेच नकळत केली असेल, असं धरू. शेवटच्या दिवशी अक्का खोटं बोलल्या, असंही धरू. पण मिठाचं आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक होतं? इथे माझी बुद्धी थांबते, आणि खरं म्हणजे तिने पुढे जावं असं मला वाटतही नाही. दुकानात हे सदर मी आता मनातल्या मनात वाचतो.

आता घरी पुन्हा भाकऱ्या होतात. परातीतल्या उरलेल्या पिठाची ही रोज चानकी करते आणि माझ्या ताटात वाढते. छान गोल असते, सगळीकडून सारखी. तिच्यात मीठ नसतं. मी ती खातो आणि काही बोलत नाही.